थकव्याचे मोजमाप
डोंगरवाटांवरील दीर्घ धाव आणि स्नायूंचे विज्ञान

फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांच्या सीमा जेथे एकमेकींना भिडतात, त्या परिसरात आल्प्स पर्वतराजीतील माँ ब्लां हे सुमारे ४,८०० मीटर उंचीचे शिखर उभे आहे. त्याच्या पायथ्याशी असलेल्या शामोनी या फ्रेंच गावातून दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस हजारो धावपटू एका सायंकाळी धावू लागतात. शिखराला वळसा घालून, तिन्ही देशांच्या भूमीवरून ते पुन्हा त्याच गावी परततात. अंतर सुमारे १७० किलोमीटर. वाट डांबरी नव्हे, तर दगडधोंड्यांची, चिखलाची, खिंडी चढून पुन्हा दऱ्यांत उतरणारी. अव्वल धावपटू ही प्रदक्षिणा सुमारे वीस तासांत पूर्ण करतात. सामान्य धावपटूला दोन रात्री वाटेवर काढाव्या लागतात. २००३ साली सुरू झालेली ही स्पर्धा आज जगातील पर्वतधावांमध्ये सर्वाधिक प्रसिद्ध मानली जाते.

या वाटेवरील सर्व चढांची बेरीज केली तर ती साडेनऊ ते दहा हजार मीटरपर्यंत जाते. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे. त्याच्या जवळजवळ सहापट उंची हा धावपटू एका दमात चढतो आणि तेवढीच उतरतोही. एवढ्या श्रमानंतर मनुष्याच्या स्नायूंचे नेमके काय होते? ते किती दुर्बल होतात? ही दुर्बलता स्नायूंत असते की मेंदूत? आणि ती भरून येण्यास किती दिवस लागतात? हे प्रश्न केवळ कुतूहलाचे नाहीत. शाळेच्या मैदानावर मुलांना पळविणारे शिक्षक, भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारे तरुण आणि गावात धावस्पर्धा भरविणाऱ्या संस्था यांच्याशीही त्यांचा निकटचा संबंध आहे.

थकवा म्हणजे काय?

व्यवहारात ‘थकवा’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. झोप न झाल्याने येणारी मरगळ, कामाचा कंटाळा, पायांत आलेले गोळे या सर्वांस आपण थकवाच म्हणतो. शास्त्रज्ञांची व्याख्या मात्र काटेकोर आहे. पूर्ण जोर लावला असता स्नायू जेवढे बल निर्माण करू शकत होता, तेवढे बल श्रमांनंतर निर्माण करता न येणे म्हणजे स्नायूंचा थकवा. या व्याख्येचा मोठा लाभ असा की, थकवा ही केवळ सांगण्याची गोष्ट न राहता मोजण्याची गोष्ट होते. ‘मला थकल्यासारखे वाटते’ हे एक विधान झाले. ‘मांडीच्या स्नायूंचे बल शंभरावरून पासष्टावर आले’ हे दुसरे. दोन्हींना महत्त्व आहे, परंतु ती एकच गोष्ट नव्हे, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

स्नायू आकुंचन पावतो तो एका दीर्घ साखळीच्या शेवटी. मेंदूत इच्छा उत्पन्न होते. तेथून आदेश मज्जारज्जूत उतरतो. मज्जारज्जूतून निघालेला मज्जातंतू तो स्नायूपर्यंत नेतो. स्नायूच्या आवरणावर विद्युत्-लहर पसरते. तिच्यामुळे पेशींच्या आत साठविलेले कॅल्शियम मोकळे होते. आणि मग स्नायूतील सूक्ष्म तंतू एकमेकांवर सरकून ओढ निर्माण करतात. या साखळीतील कोणतीही कडी दुबळी झाली तरी परिणाम एकच दिसतो, तो म्हणजे बल घटते. दोष मेंदूत आणि मज्जारज्जूत असेल तर त्यास केंद्रीय थकवा म्हणतात. मज्जातंतूच्या टोकाशी किंवा प्रत्यक्ष स्नायूत असेल तर त्यास परिघीय थकवा म्हणतात. गावाचा नळ कोरडा पडला तर दोष विहिरीत आहे, पंपात आहे की वाटेतल्या नळात, हे पाहावेच लागते. थकव्याच्या मोजमापाचेही तसेच आहे.

मोस्सोचे बोट आणि मर्टनचा अंगठा

थकवा मोजण्याचा पद्धतशीर प्रयत्न याच आल्प्सच्या परिसरात झाला, हा एक लक्षणीय योगायोग होय. इटलीतील तुरीन विद्यापीठाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ‘अर्गोग्राफ’ नावाचे उपकरण तयार केले. हात फळीवर घट्ट बांधून ठेवायचा आणि केवळ मधल्या बोटाने दोरीला टांगलेले वजन ठरावीक तालावर उचलत राहायचे, अशी त्याची रचना होती. प्रत्येक उचल काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर रेघ उमटवी. आरंभीच्या उंच रेघा हळूहळू आखूड होत जात आणि अखेर बोट हलेनासे होई. थकव्याचे ते चित्रलेखनच म्हणता येईल. १८९१ साली मोस्सो यांनी थकवा याच विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे मोन्ते रोझा या पर्वतावर साडेचार हजार मीटरहून अधिक उंचीवरील निवाऱ्यातही त्यांनी मानवी शरीराचा अभ्यास केला.

मोस्सो यांचे एक निरीक्षण शिक्षकवर्गास विशेष रोचक वाटेल. त्यांनी आपल्या एका सहकारी प्राध्यापकाची चाचणी विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर केली. हाताला कोणतेही श्रम नसताना परीक्षेनंतर त्या प्राध्यापकाचे बोट लवकर थकले. बुद्धीच्या श्रमांची छाया स्नायूंच्या कामावर पडते, ही गोष्ट त्यातून पुढे आली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगाने या विचारास नवा आधार दिला. नव्वद मिनिटे मन एकाग्र करावे लागणारे काम केल्यानंतर सोळा जणांना स्थिर सायकलीवर दमेपर्यंत पॅडल मारण्यास सांगण्यात आले. एरवी ते सरासरी ७५४ सेकंद टिकत. मानसिक श्रमांनंतर ते ६४० सेकंदच टिकले. हृदय आणि स्नायू यांत फरक दिसला नाही. श्रम अधिक जड मात्र वाटले.

मोस्सोच्या उपकरणाने बल घटते हे दाखविले. दोष कोणत्या कडीत आहे हे मात्र ते सांगू शकत नव्हते. हा प्रश्न सोडविण्याची किल्ली १९५४ साली लंडन येथील मर्टन या संशोधकाने दिली. अंगठा आत ओढणाऱ्या लहानशा स्नायूवर त्याने प्रयोग केले. मनुष्य पूर्ण जोर लावीत असतानाच त्या स्नायूच्या मज्जातंतूला विजेचा एक क्षणिक झटका द्यायचा. मेंदू आधीच स्नायूला पूर्णपणे कामास लावीत असेल तर त्या झटक्याने बलात काहीच भर पडणार नाही. भर पडली, तर मेंदूने काही शक्ती वापरलीच नाही असा त्याचा अर्थ होतो.

एका साध्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, स्नायू सैल असताना झटका दिल्यावर २० किलो बल मिळते आणि पूर्ण जोर लावलेला असताना त्याच झटक्याने २ किलोंची भर पडते. दोनला वीसने भागल्यास दहा टक्के येतात. म्हणजे मेंदू त्या स्नायूस सुमारे नव्वद टक्के कामास लावीत होता आणि दहा टक्के क्षमता पडून होती. या नव्वद टक्क्यांस ऐच्छिक सक्रियता असे म्हणतात. आजही जगभरातील प्रयोगशाळांत केंद्रीय थकवा मोजण्यासाठी हीच युक्ती सुधारित स्वरूपात वापरली जाते.

शर्यतीच्या दारातील प्रयोगशाळा

दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंवर ही चाचणी करावयाची तर मांडीचे पुढील स्नायू आणि पोटरीचे स्नायू निवडले जातात. धावपटूला एका भक्कम खुर्चीवर, गुडघा काटकोनात ठेवून बसविले जाते. घोट्याजवळ पट्टा बांधून तो बलमापकास जोडतात. जांघेत, मांडीच्या मज्जातंतूवर विद्युत्-अग्रे लावतात. स्नायूच्या त्वचेवर त्याचा विद्युत्-आलेख टिपणारी अग्रे बसवितात. मग पाय सरळ करण्यासाठी सर्व शक्तीनिशी जोर लावण्यास सांगतात. बलाचा आकडा, झटक्याने पडलेली भर, सैल स्नायूचे झटक्यावरील उत्तर आणि विद्युत्-लहरीची उंची या चार गोष्टींवरून साखळीतील निरनिराळ्या कड्यांची तपासणी होते. याशिवाय सेकंदाला शंभर या गतीने दिलेले दोन झटके आणि सेकंदाला दहा या गतीने दिलेले दोन झटके यांच्या उत्तरांची तुलना करतात. मंद गतीच्या झटक्यांचे उत्तर अधिक घटले असेल, तर विद्युत्-लहर पोचूनही पेशीतील कॅल्शियम पुरेसे मोकळे होत नाही, असे अनुमान निघते.

येथे वेळेला फार महत्त्व आहे. थकव्याचा काही अंश विश्रांतीच्या पहिल्या काही मिनिटांतच ओसरतो. म्हणून चाचणीची साधने अंतिम रेषेपासून शक्य तितक्या जवळ मांडावी लागतात, आणि दोन रात्री धावून आलेल्या मनुष्यास अन्नपाण्याआधी खुर्चीवर बसविण्याचे अवघड काम संशोधकांना करावे लागते.

असाच एक महत्त्वाचा अभ्यास माँ ब्लांच्या शर्यतीत गीयोम मिये या फ्रेंच शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केला; तो २०११ साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी मार्ग १६६ किलोमीटरचा आणि चढउतार प्रत्येकी ९,५०० मीटरचे होते. बावीस अनुभवी धावपटूंची शर्यतीपूर्वी आणि शर्यत संपताच चाचणी घेण्यात आली. मांडीच्या पुढील स्नायूंचे कमाल बल सरासरी ३५ टक्क्यांनी आणि पोटरीच्या स्नायूंचे ३९ टक्क्यांनी घटलेले आढळले. मांडीच्या स्नायूंची ऐच्छिक सक्रियता १९ टक्क्यांनी उतरली होती. म्हणजे दोष एका ठिकाणी नव्हता. मेंदू आदेश देताना हात आखडता घेत होता आणि त्याचबरोबर स्नायूंच्या आत आदेशाचे बलात रूपांतर होण्याची क्रियाही बिघडली होती.

रक्ताच्या तपासणीने चित्र अधिक स्पष्ट केले. क्रिएटिन कायनेज हे द्रव्य एरवी स्नायूपेशींच्या आत असते. पेशींची आवरणे दुखावली की ते रक्तात झिरपते. शर्यतीपूर्वी त्याचे सरासरी प्रमाण लिटरमागे १४४ एकके होते, ते शर्यतीनंतर १३,६३३ झाले, म्हणजे नव्वदपटीहून अधिक. मायोग्लोबिन हे स्नायूंतील प्रथिन ३२ वरून १,४३२ मायक्रोग्रॅमवर गेले. अर्थात या आकड्यांत व्यक्तिपरत्वे फार मोठा फरक होता. सारख्याच अंतरासाठी दोन शरीरे सारखीच किंमत मोजतात असे नाही.

त्यांपैकी अकरा धावपटूंची तपासणी पुढे दुसऱ्या, पाचव्या, नवव्या आणि सोळाव्या दिवशी करण्यात आली. बहुतेक सुधारणा पहिल्या नऊ दिवसांत झाली आणि सोळाव्या दिवशी स्नायूंची कार्यक्षमता पूर्ववत झाली होती. एवढ्या अफाट श्रमांनंतरही दोन आठवड्यांत बल परत येते, ही गोष्ट दिलासा देणारी आहे. परंतु त्याचीच दुसरी बाजू अशी की, पायांचे दुखणे थांबले म्हणजे स्नायू बरा झाला असे समजून चौथ्या दिवशी पुन्हा जोराने धावणे धोक्याचे आहे.

उतार अधिक महाग का पडतो?

चढ कष्टाचा आणि उतार सोपा, असा सर्वांचा समज असतो. हृदय आणि फुप्फुसे यांच्या दृष्टीने तो खराही आहे. स्नायूंच्या बाबतीत मात्र हिशेब उलटा होतो. चढताना मांडीचा स्नायू आकुंचन पावत असताना आखूड होतो. उतरताना तोच स्नायू शरीराला आवर घालतो. तो ओढ धरून असतो आणि त्याच वेळी शरीराच्या भाराने ताणला जातो. या विरुद्ध ओढाताणीत सूक्ष्म तंतूंची मांडणी विस्कटते. त्यामुळे सूज येते आणि वेदना उद्भवते. गड उतरून आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या का भरून येतात, याचे कारण यात आहे.

या वेदनेचा दोष पुष्कळ वर्षे लॅक्टिक आम्लाच्या माथी मारला जात असे. आज तो समज टिकत नाही. धावणे थांबल्यावर तासाभरातच लॅक्टेटचे प्रमाण सामान्यतः पूर्ववत होते, वेदना मात्र एक-दोन दिवसांनी वाढते. शिवाय लॅक्टेट हे शरीराचे इंधनही आहे, असे नंतरच्या संशोधनाने दाखवून दिले.

शरीराची एक सोय मात्र येथे नमूद करणे आवश्यक आहे. उताराचा एक बेताचा सराव झाला की स्नायू पुढील काही आठवडे तशाच श्रमांना अधिक चांगले तोंड देतो. म्हणून डोंगरवाटेवरील स्पर्धेपूर्वी केवळ सपाट रस्त्यावरचा सराव पुरेसा ठरत नाही. लहान उतारांवर, वाढत्या क्रमाने केलेला सराव आवश्यक ठरतो.

लांब वाट, कमी थकवा

इटलीच्या आओस्ता खोऱ्यात २०१० पासून ‘तोर दे जेआँ’ नावाची याहूनही मोठी स्पर्धा होते. अंतर सुमारे ३३० किलोमीटर, चढ २४,००० मीटर. या स्पर्धेतील पंधरा धावपटूंचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांना वाट पूर्ण करण्यास सरासरी १२२ तास, म्हणजे पाच दिवसांहून अधिक काळ लागला. अंतर दुप्पट, चढ अडीचपट. तेव्हा थकवाही तेवढाच अधिक असेल, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. प्रत्यक्षात मांडीच्या स्नायूंचे बल २४ टक्क्यांनी आणि पोटरीचे २६ टक्क्यांनीच घटले होते. क्रिएटिन कायनेजचे सरासरी प्रमाण ३,७१९ होते, म्हणजे माँ ब्लांच्या धावपटूंच्या तुलनेत बरेच कमी.

याचे संभाव्य कारण संशोधकांनी असे दिले की, पुढे केवढी वाट आहे याची जाणीव असलेले धावपटू आरंभापासूनच वेग आवरून धरतात, आणि उत्तरार्धात झोपेच्या अभावामुळे वेग आणखी मंदावतो. स्नायूंवरचा मारा त्यामुळे आपोआप कमी होतो. या अभ्यासात आणखी एक दक्षता घेतली होती. तेवढीच झोप न मिळालेल्या, परंतु न धावलेल्या आठ जणांचीही चाचणी घेण्यात आली. त्यांच्या बलात घट झाली नाही. केवळ जागरणाने बल घटलेले नव्हते, हे त्यावरून सिद्ध झाले. श्रमाचा परिणाम अंतरापेक्षा तीव्रतेवर अधिक अवलंबून असतो, हा या अभ्यासाचा बोध कोणत्याही प्रशिक्षकाने लक्षात ठेवावा असा आहे.

स्त्रियांच्या संदर्भातही एक निष्कर्ष उल्लेखनीय आहे. माँ ब्लांच्या परिसरातील ११० किलोमीटरच्या धावेनंतर दहा स्त्रिया आणि दहा पुरुष यांची तुलना करण्यात आली. मांडीच्या स्नायूंचे बल पुरुषांत ३८ टक्क्यांनी, तर स्त्रियांत २९ टक्क्यांनी घटले. संख्या लहान असल्याने यावरून सरसकट नियम काढणे योग्य नव्हे. तथापि दीर्घ श्रमांस स्त्रीचे शरीर कमी पडते, हा जुना समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

धोक्याची सीमा

थकवा हा रोग नव्हे. तो शरीराने घातलेला आवर आहे. परंतु हा आवर ओलांडला गेला तर प्रसंग गंभीर होऊ शकतो. फुटलेल्या स्नायूपेशींतील मायोग्लोबिन मोठ्या प्रमाणात रक्तात उतरले आणि शरीरात पाणी कमी असले, तर मूत्रपिंडांवर ताण येतो. श्रमांनंतर लघवी गडद तपकिरी, काळ्या चहासारखी होणे ही धोक्याची खूण आहे. अशा वेळी घरगुती उपाय न करता रुग्णास तातडीने डॉक्टरांकडे नेले पाहिजे. वेदनाशामक आणि सूज कमी करणाऱ्या काही गोळ्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी करतात. म्हणून अंग दुखू नये यासाठी धावण्यापूर्वी किंवा धावताना त्या घेण्याची सवय घातक आहे. उलट तहान नसताना पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम उतरून भ्रम आणि झटके येऊ शकतात. पाणी तहानेनुसार घ्यावे, हाच मध्यम मार्ग होय.

आयोजकांची जबाबदारी याहून मोठी आहे. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या पर्वतधावेत अचानक गारा, थंड पाऊस आणि वादळी वारा यांनी धावपटूंना गाठले. १७२ स्पर्धकांपैकी २१ जण मृत्युमुखी पडले. थकलेला स्नायू पुरेशी उष्णता निर्माण करू शकत नाही, आणि वेग मंदावलेला धावपटू आडोशापर्यंत पोचू शकत नाही. हवामानाची पूर्वसूचना, उबदार वस्त्रांची सक्ती, वाटेवरील मदतकेंद्रे आणि वेळ पडल्यास स्पर्धा थांबविण्याचा अधिकार यांना पर्याय नाही, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

मैदानावरील उपयोग

महाराष्ट्रातही अलीकडच्या काळात डोंगरवाटांवरील धावांची आवड वाढली आहे. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातील अर्धमॅरेथॉनमध्ये आधी चढ आणि मग तोच उतार धावावा लागतो. सह्याद्रीच्या घाटवाटांवर आणि गडांच्या परिसरातही धावा भरतात. दुसरीकडे पोलीस भरतीतील १,६०० मीटरची धाव मनात धरून खेड्यापाड्यांतील असंख्य तरुण महिनोन्‌महिने पहाटे धावतात. त्यांपैकी बहुतेकांना प्रशिक्षक नसतो. ‘अधिक पळावे म्हणजे अधिक वेग येतो’ एवढेच सूत्र त्यांना ठाऊक असते, आणि परीक्षेच्या ऐन तोंडावर पाय दुखावून बसण्याची पाळी अनेकांवर येते.

बलमापक आणि विद्युत्-अग्रे प्रत्येक गावात असणे शक्य नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. काही साध्या पद्धतींनी थकव्याचा पुष्कळसा अंदाज घेता येतो.

पहिली पद्धत उभ्या उडीची. बोटांना खडू लावून भिंतीशेजारी उभे राहावे, हात वर करून खूण करावी, मग जागच्या जागी उडी मारून दुसरी खूण करावी. तीन प्रयत्नांतील सर्वोत्तम अंतर वहीत नोंदवावे. दर आठवड्यास त्याच वेळी आणि त्याच भिंतीवर ही चाचणी घ्यावी. एखाद्या मुलाची उडी त्याच्या नेहमीच्या उडीपेक्षा स्पष्टपणे कमी भरली, तर त्या दिवशी त्याला जोराचा सराव देऊ नये. येथे तुलना इतरांशी नसून त्याची त्याच्याशीच करावयाची असते.

दुसरी पद्धत नाडीची. सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच मिनिटभर नाडी मोजावी. काही दिवस सातत्याने ती नेहमीपेक्षा अधिक राहिली, तर विश्रांती अपुरी आहे किंवा आजार डोकावतो आहे, असे समजावे.

तिसरी पद्धत विचारण्याची. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची जाणीव आकड्यांत सांगण्याची मापपट्टी तयार केली. तिच्या सोप्या रूपात शून्य म्हणजे विश्रांती आणि दहा म्हणजे कमाल श्रम. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने ‘आजचा सराव किती जड गेला?’ असे विचारून मिळालेल्या आकड्यास सरावाच्या मिनिटांनी गुणावे. साठ मिनिटांच्या सरावास पाच गुण मिळाले तर त्या दिवसाचा भार तीनशे झाला. आठवड्याची बेरीज एकदम वाढत नाही ना, याकडे लक्ष ठेवावे. यासाठी खर्च काहीच नाही. लागते ती एक वही आणि खरे सांगण्याइतका विश्वास. दम लागल्याचे सांगणाऱ्या मुलास भित्रा ठरविणाऱ्या मैदानावर ही मापपट्टी कधीच खरे उत्तर देणार नाही.

गावात स्पर्धा भरविणाऱ्या ग्रामपंचायतींनी आणि मंडळांनीही काही गोष्टी आधी निश्चित केलेल्या बऱ्या. उताराच्या टप्प्यांवर स्वयंसेवक असावेत. प्राथमिक आरोग्य केंद्रास तारखेची पूर्वसूचना द्यावी. वाटेवर ठरावीक ठिकाणी वेळेची मर्यादा घालावी आणि अडखळत चालणाऱ्या किंवा विसंगत बोलणाऱ्या स्पर्धकास थांबविण्याचा अधिकार एका जबाबदार व्यक्तीकडे सोपवावा. असा स्पर्धक स्वतः थांबण्याचा निर्णय क्वचितच घेतो, कारण निर्णय घेणारा मेंदूही त्या वेळी थकलेला असतो.

मोस्सोच्या बोटापासून माँ ब्लांच्या खुर्चीपर्यंतचा हा प्रवास सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा आहे. शरीर मर्यादेपर्यंत जाऊ शकते, आणि पुरेसा अवधी दिल्यास तेथून परतही येते, हे त्यातून सिद्ध झाले आहे. तो अवधी किती, हे मात्र उत्साहाने ठरत नाही. ते मोजूनच ठरवावे लागते. शाळेच्या मैदानावर खडूची एक खूण आणि वहीतील एक आकडा यांपासून हे मोजमाप सुरू होऊ शकते. धावणाऱ्या मुलामुलींचे पाय पुढील अनेक वर्षे धावते राहावेत, असे वाटणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने आणि गावकऱ्याने येत्या हंगामापासूनच त्यास आरंभ करावा.